आशाताईंचा समतोल

करिअर आणि घर यांचा समतोल कसा साधावा, यावर नगरच्या हॉलांत व्याख्यानं झडतात. पाथर्डी-जामखेडकडच्या आशाताईंना ती कशाला? 2005च्या ग्रामीण आरोग्य अभियानानं त्यांना करिअर दिलंच नाही. त्या गावच्या आरोग्य स्वयंसेविका, मोबदला मूळ योजनेत कामागणिक. रात्री भाकरी थापताना फोन येतो, कळा सुरू झालेल्या बाईसोबत पिठाच्या हातानं रुग्णवाहिकेत बसायचं. घरचे विचारतात, “एवढं करून पगार किती?”

त्याच जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले, गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. 1979चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना एकत्र मिळाला. समतोल साधतो म्हणायचा. फक्त नवराही त्याच कामाला जुंपावा लागतो. आशाताईंचे यजमान तूर्त पारावर समतोल राखून बसलेत.