काम चालू, खोली बंद

मुलगी शिकायला बंगळुरूला गेली आणि आमच्या टू बीएचकेमधली एक खोली रिकामी झाली. मराठी घरात खोली रिकामी होते म्हणजे काय, तर पहिल्याच रविवारी तिथे इस्त्रीचं टेबल आलं. मागोमाग आईचे वाळवणाचे डबे आले आणि कुणाच्या तरी लग्नात द्यायला घेतलेला, पण द्यायचा राहून गेलेला डिनर सेट आला. आणखी थोडा उशीर झाला असता तर कपडे वाळत घालायची दोरीही बांधली गेली असती. म्हणून मी घाईघाईने जाहीर केलं की ही खोली आजपासून माझं ऑफिस. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली होती, तेव्हा मागणी रीतसर होती. संध्याकाळी त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत गेम खेळायचा बेत होता, तेवढा भाग मी जाहीरनाम्यातून वगळला.

बायकोने तो लगेच ओळखला. ती सरकारी बँकेत आहे. न लिहिलेल्या नोंदी वाचायचा तिला सराव आहे. "डायनिंग टेबलावर इतकी वर्षं काम केलंस की," ती म्हणाली.

मी पाठीचा दाखला दिला. जेवायच्या टेबलाची उंची घास तोंडात घालायला ठीक असते. तिथे दिवसभर लॅपटॉपवर वाकून बसलं की मान आणि खांदे वेगवेगळ्या दिशांना निघतात. टायपिंग करताना कोपर काटकोनात हवं, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, आणि स्क्रीन हातभर लांब हवा. हे सगळं कामाला लागतं तसंच आणि तेवढंच गेमलाही लागतं. आरोग्यशास्त्राने ऑफिस आणि खेळ यांत भेद केलेला नाही, हे मी मुद्दाम सांगितलं.

आमच्या सुताराने मात्र केला. "टेबल अभ्यासाचं करायचं का कॉम्प्युटरचं, साहेब?" त्याच्या लेखी तिसरा प्रकार नव्हता. मी सांगितलं, तीस इंच खोल हवं, सत्तावीस इंची मॉनिटर आहे, तो जरा लांब ठेवायचाय. "तीस इंच? मधे पानं मांडणार काय?" असं म्हणत त्याने एकोणीस एमएमचा प्लाय आणि वर सनमायका असा हिशोब मांडला. त्यात कीबोर्डचा सरकता ट्रे होता आणि खाली सीपीयूसाठी दार असलेला कप्पा होता. आपल्याकडे घरोघरी पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा जे टेबल बनायचं तेच त्याच्या हातात बसलेलं होतं. त्या काळी मॉनिटरवर प्लास्टिकचा झगा घालत आणि खोलीत चप्पल बाहेर काढून जात. मी म्हटलं, दार नको, या कॅबिनेटला पुढून हवा आत जाते आणि मागून बाहेर पडते, ग्राफिक्स कार्ड तापतं, दार लावलं तर गुदमरेल.

"एवढा तापतो तर वॉरंटीत परत द्या ना," तो म्हणाला, आणि पेन्सिल कानामागे नसल्याने खिशात शोधू लागला.

मग वास्तूचा प्रश्न आला. नानामामा या विषयातले घरचे तज्ज्ञ. काम करताना तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला हवं आणि विजेची उपकरणं आग्नेयेला, असा त्यांचा निकाल. खिडकी पूर्वेच्या भिंतीत. पूर्वेकडे तोंड केलं तर सकाळचं ऊन थेट डोळ्यांत येणार आणि पाठ केली तर तेच स्क्रीनवर चमकणार. मॉनिटर खिडकीच्या काटकोनात ठेवावा, हे कोणतंही शहाणं पुस्तक सांगतं. तसा ठेवला तेव्हा तोंड आपोआप उत्तरेला आलं. नानामामा खूश. "उत्तर कुबेराची," ते म्हणाले. ग्राफिक्स कार्डाचं बिल त्याच दिशेच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्यामुळे कुबेराने आधी काय ते बघून घ्यावं अशी माझी इच्छा होती.

वायरी, बोर्ड आणि क्लिपा आणायला पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो. तिथे जाऊन फक्त ठरवलेली वस्तू घेऊन परत येणारा माणूस बुधवार पेठेत अजून कुणी पाहिला नसावा. मी एलईडीची पट्टी घेऊन आलो. मुलगी फोनवर म्हणाली होती, "बाबा, आरजीबीशिवाय सेटअप म्हणजे सायबर कॅफे." ती पट्टी टेबलाच्या मागच्या कडेला चिकटवली. कॅबिनेटच्या पंख्यांत दिवे होतेच. कीबोर्डात होते, माउसात होते, आणि हेडफोन स्वतःच्या कानाला दिसत नसूनही त्यातही होते. सगळं पहिल्यांदा लावलं तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. गणपतीच्या मखराकडे बघतात तशी तिने सगळी आरास निरखली आणि विचारलं, "मूर्ती कुठे बसणार?"

मी खुर्चीकडे बोट दाखवलं.

त्या खुर्चीबद्दल थोडं सांगायला हवं. गेमिंग चेअर म्हणून जी मिळते तिचा आकार शर्यतीच्या गाडीतल्या सीटवरून घेतलेला असतो. दोन्ही बाजूंना जे उंच पंख असतात ते वेगात वळण घेताना चालकाला जागेवर धरून ठेवण्यासाठी. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. सकाळच्या स्टँडअप मीटिंगपासून संध्याकाळच्या रिपोर्टापर्यंत माझ्या कामात एकही वळण येत नाही. शिवाय ते पंख पाठीपेक्षा पोटाच्या बाजूला जास्त लागतात, असं माझ्या वयाला लक्षात येतं. पोरांना त्या खुर्च्या शोभतात. मी महिनाभरात साधी, जाळीच्या पाठीची खुर्ची आणली. लाल-काळी खुर्ची आता आईकडे आहे. ती पूर्ण मागे झोपवून आई दुपारी सिरियलचं पुनःप्रक्षेपण बघते.

विजेच्या बिलावरून एकदा रीतसर सुनावणी झाली. मी सांगितलं, गेम जोरात चालू असताना हा सगळा पसारा चारशे-साडेचारशे वॅट खातो. आईचा मिक्सर साडेसातशेचा. आकडे माझ्या बाजूने होते. आई म्हणाली, "मिक्सर मी चटणीपुरता लावते. तुझी चटणी रात्री एकपर्यंत वाटली जाते." यावर महावितरणही काही बोललं नसतं.

कीबोर्डाचीही तीच कथा. मी निळ्या स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. त्याची प्रत्येक कळ खटकन वाजते. हिशोब असा होता की दाराबाहेर खटखट ऐकू आली की घर समजेल, काम जोरात चालू आहे. आई समजायचीही. बायको मात्र एका आठवड्यात फरक ओळखायला शिकली. काम असेल तर आवाज कीबोर्डभर फिरतो. गेममध्ये डाव्या हाताच्या डब्ल्यू, ए, एस, डी या चारच कळा वाजतात आणि उजवीकडून माउसच्या टिचक्या येतात. दार न उघडता ती स्वयंपाकघरातून विचारते, "मेलास का? मग पानं घे."

आईचं निदान वेगळं होतं. मी हेडफोन लावून बसतो आणि मधूनच ओरडतो: मागून ये, कव्हर दे, अरे मार ना त्याला, गेला, गेला! खालच्या मजल्यावरच्या काकूंना आईने काळजीने सांगितलं की याच्या ऑफिसात वातावरण फार वाईट आहे. काकूंनी त्यांच्या जावयाच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकायची तयारी दाखवली. आईचा यात काही दोष नाही. एक माणूस खुर्चीत बसलेला, कानावर यंत्र, समोर स्क्रीन, तोंडी शिव्या. यावरून तो रिलीजच्या आदल्या रात्रीचं काम करतोय की गेम खेळतोय, हे सांगणं कुणालाही अवघड आहे.

खरं तर हे अंतर मुळात नव्हतंच. 1958 साली अमेरिकेच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपच्या काचेवर टेनिस खेळायची सोय केली. प्रयोगशाळा बघायला येणारे लोक कंटाळू नयेत, एवढाच हेतू. 1962 मध्ये एमआयटीतल्या पोरांनी पीडीपी-1 या भारी यंत्रावर अंतराळातली लढाई उभी केली. 1984 मध्ये मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरी करणाऱ्या अलेक्सी पाजितनोव्हने टेट्रिस लिहिला. ज्या यंत्रावर लिहिला त्या इलेक्ट्रॉनिका 60 ला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून त्याने विटा कंसांच्या केल्या. सरकारी केंद्रात बसून कंसांनी भिंत रचणाऱ्या त्या माणसाकडे बघून त्याचा साहेब काय समजत असेल? काम जोरात चालू आहे, हेच.

साहेबांचीही सोय लोकांनी केली होती. जुन्या पीसी गेममध्ये 'बॉस की' असायची. ती दाबली की खेळ गायब आणि पडद्यावर खोटा हिशोबाचा तक्ता. 1990 मध्ये विंडोज 3.0 बरोबर पत्त्यांचा जो सॉलिटेअर आला, तो मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करणाऱ्या वेस चेरी नावाच्या मुलाने लिहिला होता. त्यानेही अशी कळ घातली होती. कंपनीने ती काढायला लावली. म्हणजे खेळ चालेल, लपवणं चालणार नाही. इतकं उदार धोरण मी नंतर कुठल्याच कंपनीत पाहिलं नाही. माझी अडचण उलटी आहे. साहेब अमेरिकेत झोपलेला असतो; मला कळ हवी ती स्वयंपाकघराकडून येणाऱ्या पावलांसाठी.

यातला सगळ्यात अवघड भाग इंटरनेटचा निघाला. राउटर हॉलमध्ये. मधे बाथरूमची टाइल्स लावलेली भिंत. पाच गिगाहर्ट्झची लहर तिथेच थकते, म्हणून खोलीत मिळते ती 2.4 वाली. आणि मायक्रोवेव्हही नेमका त्याच पट्ट्यात चालतो. दूध तापायला ठेवलं की माझा पिंग एकदम चढतो, पडद्यावरचा माझा माणूस भिंतीकडे तोंड करून धावत राहतो आणि मरतो. बाकी टीमला वाटतं, घाबरला. यावर उपाय सरळ आहे: राउटरपासून खोलीपर्यंत केबल टाकायची. पण ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून गेली असती आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. भिंतीतून पाइप टाकायचा तर नुकताच दिलेला रंग उकरावा लागला असता. दोन्ही प्रस्ताव बायकोने एकाच वाक्यात फेटाळले. आणि तिचं बरोबर होतं, हे मला इथे लिहायला हरकत नाही, ती हे वाचणार नाही.

या सगळ्यात क्लायंट येईल असं वाटलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर मी पार्श्वभूमी धूसर करून बसतो. दिवे मात्र माझ्या चष्म्यात दिसतात आणि दर काही सेकंदांनी रंग बदलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. क्लायंटकडचा मॅनेजर, पन्नाशीचा गंभीर गृहस्थ, एक दिवस मीटिंग संपल्यावर थांबला आणि त्याने विचारलं, "काय खेळतोस?" पुढच्या आठवड्यात कॅलेंडरवर निमंत्रण आलं. विषय: टीम बाँडिंग. शुक्रवारी इकडचे रात्रीचे साडेआठ, तिकडचे सकाळचे अकरा. म्हणजे तो पठ्ठ्या ऑफिसच्या वेळेत खेळणार होता आणि मी जेवायच्या.

सर्व्हर त्याच्याकडचा. पुण्याहून तिथवर जाऊन परत यायला पाव सेकंद लागतो. मी ज्याच्यावर गोळी झाडतो तो तिथून कधीच निघून गेलेला असतो. क्लायंटला वाटतं, मी अदबीने हरतो. खेळ संपल्यावर त्याची मेल येते: काय चांगलं झालं, काय सुधारता येईल, कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत. तिसऱ्या मेलमध्ये माझ्या नावापुढे लिहिलं होतं, "रात्री पावणेनऊच्या सुमारास तुझं कनेक्शन दर वेळी पडतं. मूळ कारण शोधून कळवावे."

मूळ कारण दिवाणावर जपमाळ घेऊन बसलं होतं. मी आईला सगळं समजावून सांगितलं: राउटर, लहरी, मायक्रोवेव्ह, क्लायंट.

"शुक्रवार माझा उपासाचा," आई म्हणाली. "पावणेनऊला मी दूध तापवणारच. एवढंच आहे तर साहेबाला म्हणावं, गुरुवारी खेळा."

मी मेल लिहिली: आमच्याकडच्या एका कायमस्वरूपी डिपेन्डन्सीमुळे शुक्रवारची वेळ व्यवहार्य नाही, गुरुवार चालेल का? दहा मिनिटांत होकार आला. खाली एक ओळ होती: या डिपेन्डन्सीची नोंद रिस्क रजिस्टरमध्ये करावी, आणि ओनरचं नाव टाकावं.