पुण्यात शहाणा, गुहागरला पुन्हा तेच!

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाजवळ सरका, मोठ्यानं बोलायची सोय नाही. समोरची मंडळी गणपतीहून आली ना, तर घरात नुसता अबोला! सासूबाई आज भाजीलासुद्धा एकट्याच गेल्या.

तो धाकटा हो. चार वर्षांचा, बोलणं अजून फुटलेलं नाही. मोबाइल काढून घेतला की भिंतीवर डोकं कसं आपटायचा, तुम्ही पाहिलंच आहे... मग थेरपी लावली. त्यानं मोबाइलसाठीचं कार्ड आईच्या हातात दिलं की मोबाइल, डोकं आपटलं तर नाही. तसं नवं नाही ते, अमेरिकेत कार आणि ड्युरंड यांनी 1985 सालीच दाखवलंय, मागायला शिकवलं की आदळआपट उतरते. उतरलीच की! पावसाळाभर गल्लीत आवाज ऐकलात? सून तर पेढे वाटायच्या बेतात होती.

तर काय सांगत होते... हां, गुहागर. गाडीतून उतरले, ओसरीवर चढले, आजोबांच्या हातात फोन दिसला आणि पोरानं खांबावर डोकं धाडकन! अजून कुणी लाड केले नव्हते, काही दिलंही नव्हतं. सुनेचा चेहरा असा पडला म्हणता! कार्डं कुठं? पुण्यात, फ्रीजवर. तेवढ्यात सासूबाई, चुलत जावांसमोर हं, "एवढे पैसे ओतले, गुण कुठाय?" आजोबांनी घाबरून फोनच हातात ठेवला. झालं, विसर्जनापर्यंत तेच.

मला कुठलं राहवायला! भाची त्याच लाइनीतली, लगेच फोन लावला. ती म्हणाली, मावशी, हे व्हायचंच, रिन्युअल म्हणतात. बूटन आणि बोल्स यांनी 1979 मध्ये उंदरांवर पाहिलंय. एका पेटीत धास्ती बसवली, दुसऱ्या पेटीत घालवली, परत पहिलीत ठेवलं की धास्ती हजर! जुनं पुसलं जात नाही म्हणे, त्यावर नवं शिकणं बसतं, आणि ते त्या जागेला फार धरून राहतं. अगदी नव्या तिसऱ्या जागीही जुनं उफाळतं, पण मूळ जागी जास्त. आता आठवा, हा प्रकार सुरू कुठं झाला? गेल्या वर्षी मे महिन्यात, त्याच ओसरीवर! ते बरं सोयीस्कर विसरल्या सासूबाई.

आणि गंमत ऐका. पुण्यात आल्यावर दुसऱ्याच दिवशी पोरानं फ्रीजवरचं कार्ड काढून आईच्या हातात दिलं. थेरपी वाया गेली म्हणे! छे, गावी तिचा सरावच कुणी घेतला नव्हता. बागेत, दुकानात, पाहुण्यांकडे, सगळीकडे घ्यायला हवा, आणि मोठ्यांनी सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं, आजोबांनीसुद्धा.

दिवाळीला पुन्हा जाणार आहेत ती. कार्डांचा एक जोड आजोबांच्या खिशात राहू दे, एवढं सासूबाईंच्या कानावर तुम्हीच घाला, तुमचं ऐकतात त्या. माझं नाव मात्र नको हं!