रकाना क्रमांक १३ यांस अनावृत पत्र

प्रति,
सन्माननीय रकाना क्रमांक १३,
मुक्काम डीडी फॉर्म २१४,
अमेरिकेचे संरक्षण खाते.

स. न. वि. वि.

आपली माझी ओळख नाही. आपण मितभाषी म्हणून प्रसिद्ध आहात, त्यामुळे ती होण्याची आशाही नाही. तरी लिहितो.

अमेरिकेत सैनिक फौजेतून मोकळा होतो तेव्हा सरकार त्याच्या हाती एक कागद ठेवते. १९५० पासून या कागदाचे नाव डीडी २१४. पुढे घरासाठी कर्ज काढायचे असो, सैनिकी दवाखान्यात नाव घालायचे असो, नाहीतर राष्ट्रीय दफनभूमीत चार हात जागा हवी असो, आधी हा कागद पुढे करावा लागतो. त्यात आपला रकाना. पूर्वीच्या छपाईत आपला नंबर वेगळा असे, आता तेरा आहे. पदके, बिल्ले, मोहिमांच्या फिती, सन्मानपत्रे, म्हणजे माणसाने जिवावर उदार होऊन जे मिळवले ते सगळे आपल्या तळहाताएवढ्या चौकटीत कोंबायचे असते. कारकून ते बसवतो. शब्दांची डोकी-शेपट्या छाटून बसवतो. आणि शेवटी दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा मारून मोठ्या अक्षरांत टाइप करतो : ‘यापुढे काही नाही’.

गडी पंचविशीतला असतो. यापुढे काही नाही हे त्याला त्याच्या बायकोनेही अजून सांगितलेले नसते.

मला कौतुक आहे ते आपल्या याच संयमाचे. गड्याचे लक्ष घरच्या गाडीकडे लागलेले असते, तो न वाचता सही ठोकतो. जखमेची नोंद इस्पितळाच्या वहीत राहते, पदकाचा हुकूम पलटणीच्या कचेरीत राहतो, आख्ख्या पलटणीला मिळालेले सन्मानपत्र तर तो घरी जाऊन पोराबाळांचा बाप झाल्यावर मंजूर होते. आपण यांतल्या कशासाठीही थांबत नाही. मग चाळीस वर्षांनी नात विचारते, “आजोबा, तुमची पदकं कुठायत? फ्रेम करू या.” आजोबा ट्रंक उघडतात, आपल्याला वाचतात आणि त्यांना कळते की ते त्या लढाईत नव्हतेच.

आता दुरुस्तीचे. तक्रार करायला जागा नाही असे कोणी म्हणू नये. साधी गळती असेल तर एक फॉर्म भरायचा, पैसे पडत नाहीत. त्याने भागले नाही तर डीडी १४९ भरून थेट लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे जायचे. ही मंडळे निघाली १९४६च्या कायद्याने. त्याआधी एकेका माणसाच्या नोंदीसाठी संसदेत स्वतंत्र विधेयक आणावे लागे; दोन्ही सभागृहांतल्या लोकप्रतिनिधींनी बसून कोणा शिपायाची तारीख सुधारायची! त्या मानाने मंडळ म्हणजे सुधारणाच. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा, असा नियम आहे. उशीर झाला तर ‘न्यायाच्या हितासाठी’ तो माफ करता येतो. म्हणजे एरवी न्यायाचे हित कोणी बघत नसावे. अर्जाचा निकाल अठरा महिन्यांच्या आत लावावा, असेही कायद्यात लिहिले आहे. आमच्याकडे सरकारी काम आणि सहा महिने थांब असे म्हणतात. आपण थेट तिप्पट मुदत कायद्यातच घातलीत, हा मोकळेपणा मला भावला.

पण या मंडळाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचे गृहीतक. मंडळ कामाला बसते ते असे धरून की सरकारी नोंद बरोबरच असणार. नोंद चुकली आहे हे अर्जदाराने पुराव्यानिशी दाखवायचे. ज्याने नोंद ठेवली त्याला कोणी काही विचारत नाही. ज्याच्या हातात कधी लेखणी नव्हती, बंदूक होती, त्याने कागद आणायचे. कुठून आणायचे? सरकारी दप्तरातून. आणि दप्तर?

दप्तर, महाराज, सेंट लुईजवळ ओव्हरलँड गावी होते, आणि १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर त्याला आग लागली.

या आगीची गोष्ट आपण घरातल्या घरात दाबून ठेवत असाल, पण ती सगळ्यांना माहीत आहे. इमारत सहा मजली, देखणी, मिनोरू यामासाकी यांनी आखलेली. याच यामासाकींनी पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे उभे केले. ही इमारत बांधताना आग लागल्यास वरून आपोआप पाणी पडणारी यंत्रणा बसवावी की नाही, यावर जाणकारांत मतभेद होते. पाण्याने कागद खराब होतात, ही चिंता. म्हणून वरच्या मजल्यांवर यंत्रणा बसली नाही. मग सहावा मजला पेटला, बेचाळीस ठिकाणचे बंब धावले आणि चार-साडेचार दिवस त्या कागदांवर पाणीच पाणी ओतले गेले. पाण्यापासून जपलेले दप्तर वर जळले आणि खाली भिजले. आग कशाने लागली हे आजवर नक्की ठरले नाही.

गेले किती? एक कोटी साठ ते एक कोटी ऐंशी लाख माणसांच्या फायली. नोव्हेंबर १९१२ ते १९५९ अखेर भूदलातून मोकळे झालेल्यांच्या सुमारे ऐंशी टक्के. म्हणजे दोन महायुद्धे आणि कोरिया, तिन्ही एका झटक्यात. हवाई दलाच्या १९४७ ते १९६३ मधल्या फायलींत न्याय अधिक नेमका झाला : इंग्रजी वर्णमालेत ‘हबर्ड, जेम्स ई.’ या नावाच्या पुढे ज्यांची नावे लागतात, त्यांच्या पंचाहत्तर टक्के गेल्या. अलीकडचे बहुतेक सगळे वाचले. आडनाव ‘अ‍ॅडम्स’ असणे ही इतकी मोठी लष्करी कामगिरी असेल, याची त्या अ‍ॅडम्सलाही कल्पना नसेल. दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, कोणाच्या फायली जळल्या हे सांगणारी पूर्ण सूचीसुद्धा नव्हती.

जे ओले निघाले ते वाचवण्यासाठी मात्र माणसांनी जीव टाकला, हे कबूल केले पाहिजे. चिंब फायली दुधाच्या प्लॅस्टिक क्रेटांत भरल्या आणि मॅकडोनेल डग्लस कंपनीच्या निर्वात कक्षात वाळवल्या. याच कक्षात आधी अंतराळासारखी परिस्थिती निर्माण करून मर्क्युरी आणि जेमिनी मोहिमांच्या चाचण्या झाल्या होत्या. खेड्यातल्या पोराची जखमेची नोंद, जिथे अंतराळवीरांच्या तयारीची यंत्रे तपासली गेली तिथे बुरशीवाचून कोरडी व्हायला बसली होती! अशा पासष्ट लाख फायली हाती आल्या. आजही कोणी अर्ज केला की कडा काळवंडलेला एखादा गठ्ठा हातमोजे घालून उघडतात. ज्यांचा गठ्ठाच नाही त्यांच्यासाठी पगाराची शेवटची पावती, कंपनीचा रोजचा सकाळचा हजेरी अहवाल, जुन्या सोबत्यांचे जबाब असे तुकडे जमवतात. सोबत्यांचे जबाब ही सूचना विशेष हृद्य आहे. ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्याने आपल्या शेजारच्या खंदकातला माणूस हुडकून आणायचा. तो सापडला तर बहुधा दगडाखाली सापडतो.

आपल्या घराण्याच्या जुन्या पराक्रमाविषयी लिहिले नाही तर पत्र अपुरे राहील. आपण तेव्हा जन्मला नव्हता. आपल्या पूर्वजांचे सांगतो. हेन्री जॉन्सन नावाचा एक माणूस ऑल्बनीच्या रेल्वे स्थानकावर हमाली करत असे. कृष्णवर्णीय. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पलटणीत भरती झाला. ही पलटण, पुढे जी ३६९वी झाली ती, अमेरिकन फौजेने फ्रेंचांच्या हाताखाली देऊन टाकली. शेजारी बसून लढणे गोऱ्यांना मानवले नसते. मे १९१८ मध्ये आर्गोनच्या जंगलाकडेला रात्रीच्या पहाऱ्यावर जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स दोघेच होते. जर्मनांची टोळी चालून आली. रॉबर्ट्स जबर जखमी झाला, जर्मन त्याला ओढून न्यायला लागले. जॉन्सनची रायफल अडकली तेव्हा त्याने ती दांडक्यासारखी फिरवली, ती मोडल्यावर बोलो नावाचा जड सुरा उपसला आणि सोबत्याला सोडवून आणले. अंगावर एकवीस जखमा. फ्रान्सने त्याला मानाचे ‘क्रुआ द गेर’ दिले. अमेरिकेने त्याला घरी पाठवताना जो कागद दिला, त्यात या जखमांचा उल्लेखही नव्हता.

१९२९ मध्ये तो वारला. जखमी सैनिकाला द्यायचे पर्पल हार्ट मिळाले १९९६ला. सर्वोच्च असे मेडल ऑफ ऑनर २०१५ला, म्हणजे त्या रात्रीनंतर सत्त्याण्णव वर्षांनी. आमच्याकडे तेराव्याला गोडधोड करून विषय संपवतात. आपल्याकडे तेरावा रकाना त्याच्याही नंतर जेवायला बसतो. मजा अशी की त्या झुंजीचे वर्णन अमेरिकन सेनापती जनरल पर्शिंग यांच्या मे १९१८च्याच अहवालात होते. कागद होता. फक्त ज्या खणात असायला हवा त्या खणात नव्हता. एक गृहस्थ जॉन्सनला वडील मानत आणि त्याच्या पदकासाठी वर्षानुवर्षे झगडले. ते गेल्यावर, पदक देण्याची वेळ आली तेव्हा, लष्कराने कागद तपासून ठरवले की रक्ताचे नाते काही जुळत नाही. शेवटी पदक न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका सार्जंट मेजरांनी हातात घेतले. झगडा दुसऱ्याने करायचा, पदक तिसऱ्याने घ्यायचे, आणि जॉन्सन आर्लिंग्टनच्या दफनभूमीत. तिथली त्याची कबरसुद्धा २००२ मध्ये सापडली. तोवर तो कंगालांच्या खड्ड्यात पुरला असावा, अशीच समजूत होती.

द्यायला उशीर होतो, तसा काढून घ्यायला होत नाही. १९१७ मध्ये पाच निवृत्त सेनानींच्या समितीने मेडल ऑफ ऑनरच्या यादीतून एकदम ९११ नावे खोडली. त्यांत डॉ. मेरी वॉकर होत्या, यादवी युद्धातल्या शल्यविशारद. त्या बाईंनी पदक परत केले नाही, मरेपर्यंत छातीवर लावून हिंडल्या. नोंदीत ते परत आले १९७७ला. खोडायला कोणी अर्ज केला नव्हता, सोबत्यांचे जबाब नव्हते, तीन वर्षांची मुदत नव्हती.

आणि एक न्याय आपण सांभाळून ठेवला आहे, त्याचे विशेष अभिनंदन. दुसऱ्या महायुद्धात पायदळाचा लढाऊ बिल्ला मिळालेल्या प्रत्येकाला ब्राँझ स्टार हे पदकही द्यायचे, असे १९४७ला ठरले. छान. पण ते लोक १९४५-४६ मध्येच घरी गेले होते. त्यांच्या कागदावर तो असणार कसा? नियमानुसार पदक त्यांचे, कागदानुसार नाही. कोणी त्यांच्या दारात जाऊन सांगितले नाही. ज्याला कळेल त्याने अर्ज करावा. असे किती तरी शेतकरी, सुतार, बसचालक पदकाचे मालक असून पदकाविना मेले. धातूची टंचाई म्हणावी तर तसेही नाही. १९४५ला जपानवर चढाई करावी लागेल म्हणून पर्पल हार्टची एवढी पदके घडवून ठेवली होती की युद्ध संपल्यावर सुमारे पाच लाख शिल्लक राहिली. कोरिया, व्हिएतनाम आणि त्यानंतरच्या लढायांतही तीच वाटली गेली. कोठारात पदके लाखांनी होती. तुटवडा होता तो आपल्या चौकटीतल्या एका ओळीचा.

आमचेही काही सोवळे नाही, हे जाता जाता सांगतो. मराठा पलटणीच्या माणसाचे रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्यातल्याचे नाशिक रोडला. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या घरात डिस्चार्ज बुक देव्हाऱ्याखालच्या पेटीत असते, आणि लग्नाची नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर निघाली नाही म्हणून बायको वीस वर्षे सरकारदरबारी बायको नसते. तिथले रकाने आपले चुलतभाऊ शोभतील.

शेवटी दुरुस्ती मंजूर झाल्यावर काय होते तेही पाहिले. सन्माननीय रकाना, आपल्याला कोणी हात लावत नाही. खाडाखोड नाही, नवी ओळ नाही. डीडी २१५ नावाचा वेगळा कागद निघतो, त्यात ‘अमुक पदक वाढवावे’ असे लिहिलेले असते, आणि तो आपल्या मूळ कागदाला जोडायचा असतो. आपण मात्र पहिल्या पानावर, तसेच, ‘यापुढे काही नाही’ म्हणत बसून राहता. दुसरे पान हरवले की संपले.

या पत्रात आपल्या चुलत्या-पुतण्यांचा एखादा पराक्रम सुटला असेल तर कृपया कळवावे. मूळ पत्र मी बदलणार नाही. वेगळा कागद काढीन, टाचणी आपण लावून घ्यावी.

कळावे,

आपला,
एक अर्जदार नसलेला

ता. क. उत्तर अठरा महिन्यांच्या आत आले तरी चालेल.