वाळूच तर आहे!

रा. रा. रेतीवरचे एटीव्हीवाले भैया यांस,
मुक्काम : अस्सी घाटासमोर, गंगेपलीकडे, उंटांची रांग संपते तिथली निळी छत्री, वाराणसी.

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण "या मावशी, बसा, घाबरू नका" असं मला तुम्हीच म्हणालात. अलिबागेकडच्या किनाऱ्यावर काही वर्षं हीच गाडी फिरवली आणि मराठी तिथंच शिकलो, हेही तुम्हीच सांगितलंत. काशीत कुणी आपल्या भाषेत हाक मारली की मराठी माणूस लगेच विरघळतो, आणि माझा भाचा तर पाकीट उघडूनच विरघळला. पण कोकणातून येताना भाषेबरोबर तुम्ही एक वाक्यही उचलून आणलंत. "काही नाही होत, वाळूच तर आहे." हे तिथंच सोडून आला असतात तर फार उपकार झाले असते. भाच्याच्या सहा वर्षांच्या लेकीच्या भुवईवर सध्या टाके आहेत आणि ते काढायची तारीख अजून यायची आहे.

तक्रारी पुष्कळ आहेत. घाटावर एक दर सांगायचा आणि नाव पलीकडे लागली की दुसरा. सूर्योदयाला स्पीकरवर लावलेली ती गाणी. नावेतली लाइफ जॅकेटं, जी मल्लाहाने आम्हाला बसायला उशी म्हणून दिली. हे सगळं मी सोडून देते. यात्रेला निघताना एवढं सोडायची तयारी ठेवूनच घर सोडायचं असतं.

हेल्मेटाचं मात्र सुटत नाही.

तुमच्याकडे हेल्मेट नव्हतं असं मी कुणालाही सांगणार नाही, कारण ते होतं. प्लास्टिकच्या टेबलावर उताणं ठेवलेलं होतं आणि त्यात दहा-वीसच्या नोटा होत्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर किल्ल्यांचा जुडगा होता. ज्याला पैसे जपायला ते सुचलं, त्याला ते कशाचं रक्षण करतं हे कळत नाही असं कोण म्हणेल? भाच्याने विचारलंसुद्धा, "हेल्मेट लागेल का?" त्याच्या विचारण्यात "नको म्हणा" अशी विनंती होती, हे मान्य. तुम्ही ती मोठ्या मनाने मान्य केलीत.

मागे पेट्रोलचा कॅन होता. गेल्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये, तुमच्या राज्यात महिनाभर मोहीम चालली होती : हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही. तुमची एटीव्ही पंपावर जात नाही, कॅन जातो, दुचाकीवरून. तेव्हा अशा मोहिमेच्या दिवसांत कॅन आणायला निघताना तुम्ही हेच हेल्मेट घालत असणार, असा माझा तर्क आहे. म्हणजे पेट्रोल डोकं झाकून आणायचं आणि ते जाळायचं उघड्या डोक्याने.

आता ते वाक्य. वाळू मऊ असते ती किल्ला बांधताना. पूर ओसरल्यावर गंगा जी रेती मागे ठेवते, ती पाण्याजवळ ओली आणि दाबलेली असते. तिच्यावर टाच आपटून पाहा. पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं, म्हणून मध्येच गुडघाभर उंचीच्या कडा तुटलेल्या असतात, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्या नुसत्या सावलीसारख्या दिसतात. भाच्याला सावलीच वाटली.

आणि पडताना माणूस एकटा पडत नाही, तुमचं यंत्रही सोबत येतं. मोठ्या एटीव्हीचं वजन दोनशे किलोच्या पुढे सहज जातं. चार चाकं म्हणून ती स्थिर, असं तुम्ही आम्हाला पटवलंत. ती उंच आहे, आखूड आहे, अरुंद आहे आणि बऱ्याच गाड्यांत मागची दोन्ही चाकं एकाच ताठ आसावर फिरतात. मोटारीच्या चाकांसारखी ती वळणावर कमी-जास्त वेगाने फिरत नाहीत, त्यामुळे गाडीला सरळच जायचं असतं. तिला वळवायची ती अर्धी हँडलने आणि अर्धी अंगाने, बाकावर सरकून, आतल्या बाजूला झुकून. पुढ्यात पोर बसलेलं असताना बाप झुकणार कुठे? वर अॅक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा. माणूस घाबरला की मूठ आवळतो, मूठ आवळली की अंगठा दाबला जातो, आणि गाडी जास्त जोरात पळते. भाच्याने घाबरून ब्रेक नाही, गाडीच आवळली. पुढचं चाक कडेवरून खाली गेलं, मुलीचं कपाळ हँडलवर आदळलं आणि गाडी आडवी होऊनही मागची चाकं फिरत राहिली.

हे काही जगाला आज कळलेलं नाही. होंडाने १९७० साली असली गाडी अमेरिकेत विकायला काढली तेव्हा तिला तीनच चाकं होती. त्या गाड्यांनी माणसं इतकी पाडली की १९८८ साली तिथल्या सरकारने कंपन्यांना कोर्टात खेचून तीनचाकींची विक्री थांबवायला लावली. चौथं चाक आलं तरी तिथले सुरक्षा अधिकारी अजून सांगतातच : हेल्मेट घाला, सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठी गाडी देऊ नका, एकट्यासाठी केलेल्या गाडीवर दुसऱ्याला बसवू नका. तुमच्या छत्रीखाली हे तिन्ही नियम एकाच फेरीत मोडले गेले, तेही बाप-लेकीच्या पॅकेजमध्ये, सवलतीच्या दरात.

आपल्याकडचा कायदा तुमच्या बाजूने आहे, हेही सांगून टाकते. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ म्हणतं की चार वर्षांवरच्या प्रत्येकाने मोटारसायकलवर हेल्मेट घालावं. चार वर्षांखालच्यांसाठीही २०२३ पासून हेल्मेट आणि पट्ट्याचा नियम आला. पण या कायद्यातली मोटारसायकल दोन चाकांची, फार तर साइडकारच्या एका जादा चाकाची. तुमच्या गाडीला चार! रस्त्यावर ती उतरत नाही, म्हणून वाहतूक पोलिसाची नि तिची गाठ पडत नाही. हीच मुलगी घाटाच्या बाजूला स्कूटरवर उघड्या डोक्याने बसली असती तर हजार रुपये दंड होता. नदी ओलांडली आणि डोकं दंडमुक्त झालं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ साली हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ मृतांची नोंद केली आहे. त्यातले १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, नुसते बसलेले होते. रेतीवर फुटलेली डोकी त्या यादीत शोधायची नसतात. ती रस्त्यावर फुटलेली नसतात ना.

कायदा नाही तर नाही, तुमच्या गावात त्याहून मोठा अधिकार चालतो. काशीत मेला तो सुटला, या भरवशावर लोक इथे मरायला येऊन राहतात. पण ही सोय नदीच्या अलीकडची! पलीकडे व्यासकाशी. शंकराने काशीबाहेर काढल्यावर व्यासांनी हट्टाने पलीकडे दुसरी काशी मांडली, तेव्हा एकाने (कुणी गणपती म्हणतं, कुणी म्हातारीच्या वेशातली अन्नपूर्णा) त्यांना पुन्हापुन्हा एकच प्रश्न विचारून भंडावलं : इथे मेलं तर काय होतं? शेवटी वैतागून व्यास म्हणाले, गाढव होतो! आणि ते खरं ठरलं. तुमच्या घाटांवर ही गोष्ट शेंबडं पोरही सांगतं. तेव्हा भैया, तुमच्या बोर्डावर दराखाली एक ओळ घालायला हरकत नव्हती की या तीरावर मोक्षाची सोय नाही. आमच्याकडून येणारे लोक डोकं फुटायला भीत नाहीत, पण गाढवाच्या जन्माला थोडे तरी भ्यायले असते.

शेजारच्या उंटवाल्यांना एक गोष्ट सांगा. टी. ई. लॉरेन्स नावाचा इंग्रज उंटावरून अरबस्तानचं वाळवंट तुडवून, गोळ्या चुकवून जिवंत घरी परतला. मे १९३५ मध्ये इंग्लंडातल्या साध्या रस्त्यावर दोन सायकलवाल्या पोरांना वाचवताना त्याची मोटारसायकल घसरली, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी तो गेला. डोक्यावर काही नव्हतं. त्याला पाहायला बोलावलेल्या ह्यू केर्न्स या मेंदूच्या डॉक्टरने मग सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्यांचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटाच्या बाजूने लेख छापला. उंटाने काही केलं नाही, एवढं उंटवाल्यांना आवडेल.

आता इथवर तुम्हाला "तुम्ही, तुम्ही" केलं. पुढचं मला तसं लिहिता येत नाही.

अरे, ती पडली तेव्हा सगळ्यांत आधी तू धावलास. चपला टाकून. तिला उचललंस, तुझ्या गळ्यातला गमछा तिच्या कपाळाला दाबून धरलास आणि नावेपर्यंत पळालास. भाचा तेव्हा आपला चष्मा शोधत होता. त्या रेतीत रुग्णवाहिका येणार नाही, नदी ओलांडल्याशिवाय टाका पडणार नाही, हे तुला आमच्या आधी माहीत होतं. नावेत तुझा मोबाईल वाजला. मालक होता. पलीकडून पहिला प्रश्न आला तो मलाही ऐकू आला : "गाड़ी ठीक है?" तू "जी, ठीक है" म्हणालास आणि मुलीकडे बघितलंस.

नंतर दवाखान्याच्या पायरीवर तू सांगितलंस की गाड्या तुझ्या नाहीत, फेरीमागे हिस्सा मिळतो आणि काही मोडलं तर तो हिस्सा कापतात. हेल्मेटं सुरुवातीला चार होती. लोक म्हणत, वास येतो. म्हणत, केस बिघडतात. घातलंच तर दहा पावलांवर काढत, कारण फोटोत चेहरा दिसत नाही. एक बाई म्हणाल्या, हेल्मेट देतोस म्हणजे तुझी गाडी पडते वाटतं, आणि शेजारच्या छत्रीकडे गेल्या. म्हणजे हेल्मेट पुढे केलं की गिऱ्हाईक जातं. तो हिशेब तू मांडलेला नाहीस रे. तो आम्ही मांडून दिला, रोख मोजून दिला.

आणि आम्ही म्हणजे कोण, तेही सांगते. आम्ही पुण्याचे. २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी हेल्मेटसक्ती लावली तेव्हा आमच्या गावात तिच्या विरोधात कृती समिती होती आणि लोक डोक्यावर पुणेरी पगडी घालून दुचाकीवरून निषेधाला निघाले होते. मान अवघडते, ऐकू येत नाही, शहरात वेग कुठे असतो, अशी आमची कारणं पिढ्यान्पिढ्या घोटलेली आहेत. "वाळूच तर आहे" हे तू अलिबागेला शिकलास, पण शिकवलं आमच्यासारख्यांनीच, पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवारी येणाऱ्यांनी. पोरीला पुढ्यात घे, फोटो काढ, जरा जोरात घे. किनाऱ्यावर जो बाप मुलाला ओल्या पायाने वाळूत चालू देत नाही, सर्दी होते म्हणून, तोच बाप त्याला दोनशे किलोंच्या लोखंडावर उघड्या डोक्याने बसवतो आणि खाली उभी असलेली आई ओरडते, "इकडे बघ! हस!" हस म्हणे! त्या मुलीने हसून दाखवलं रे. फोटो आहे. पुढच्या क्षणी ती कड आली.

तू मला सापडलास म्हणून तुला लिहिते आहे. तुझ्या मालकाचा पत्ता तू दिला नाहीस आणि मी तुझ्या जागी असते तर मीही दिला नसता. पण तो हे पत्र तुझ्याकडून वाचून घेईल अशी आशा धरून लिहिते : आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट गाडीच्या टायरच्या मानाने स्वस्त येतं. लहान मुलांच्या मापाचं वेगळं मिळतं. मोठ्याचं हेल्मेट पोराच्या डोक्यावर नुसतं गरगर फिरतं आणि पडण्याआधीच निघून जातं. पट्टा हनुवटीखाली लावायचा असतो. आतलं कापड धुता येतं, म्हणजे वासाचा प्रश्न मिटला. केस बिघडतील. गिऱ्हाईक शेजारच्या छत्रीकडे जाईल ते जाऊ दे म्हणावं, आणि शेजारच्यालाही हेच पत्र वाचायला द्यावं. मराठी त्यालाही येत असेल. तो माझ्या मागून "ताई, ताई" करत होताच.

तुझा हिस्सा कापला का, ते कळव. गाडीचं काही मोडलं नव्हतं, हे मी पाहिलेलं आहे आणि लिहून द्यायला तयार आहे.

कळावे,
मावशी

ता. क. : भाचा विचारतोय, गाडी उलटली तेव्हाचा व्हिडिओ तुझ्या मोबाईलमध्ये आला असेल तर पाठवशील का. त्याला तो कुठेतरी टाकायचा आहे. मी तुझा नंबर त्याला दिलेला नाही.