मीटर आजोबांच्या नावावर

इंग्लंडात भाड्याच्या घरात सामान टाकलं की पहिला प्रश्न पडतो तो असा: या घराला वीज आणि गॅस देतंय कोण? दिवा लागतो, पाणी तापतं, पण कंपनी कोणती ते कुणी सांगून गेलेलं नसतं. मग मीटरवरचा क्रमांक उतरवा, फोन फिरवा, कंपनी सापडली की तिच्याहून स्वस्त दुसरी शोधा. घरगुती ग्राहकाला हे स्वातंत्र्य तिकडे नव्वदच्या दशकात मिळालं. पुढे २०२१ मध्ये गॅसचे भाव भडकले आणि तिथल्या दोन डझनांहून जास्त पुरवठादार कंपन्या बुडाल्या, तेव्हा शोधलेला पुरवठादार पुन्हा शोधायची पाळी आली.

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या भडगावचा एखादा पोरगा लेस्टरहून बापाला फोनवर हे सांगू लागला, तर बाप एवढंच विचारेल, "लाईट शे ना भो? मंग?"

बापाचं बरोबर आहे. आमच्याकडे पुरवठादार शोधायला मुळात दुसरा आहेच कुठे? १९६० साली वीज मंडळ आलं, जून २००५ मध्ये त्याच्या चार कंपन्या झाल्या, आणि घरापर्यंत वीज पोचवण्याचं काम महावितरणच्या वाट्याला आलं. वीस वर्षं झाली तरी गिरणाकाठी अजून "बोर्डाचं बिल" हाच शब्द चालतो. मुंबईच्या उपनगरात माणूस अदानी घेऊ की टाटा घेऊ असा विचार करू शकतो. जळगाव शहरालाही २०११ च्या अखेरीस क्रॉम्प्टन ग्रीव्हज ही खासगी कंपनी फ्रँचायझी म्हणून लाभली होती. २०१५ मध्ये कारभार परत महावितरणकडे आला. भडगावच्या नशिबात असला संसार-बदल आला नाही.

तरीही नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाने, तलाठ्याने, बँकेतल्या कारकुनाने पहिल्याच दिवशी आपला पुरवठादार शोधून काढावा, असं मी कळकळीने सांगतो. तो सापडतोही लवकर. ओट्यावर बनियन घालून बसलेला असतो आणि सगळे त्याला आबा म्हणतात.

आबा म्हणजे घरमालक. वीज भुसावळजवळच्या दीपनगरला तयार होवो नाहीतर साक्रीच्या सौर प्रकल्पात, भाडेकरूच्या लेखी ती आबांच्या घरातून येते. महावितरण हा आबांचा घाऊक व्यापारी. किरकोळ विक्री आबा स्वतः बघतात. परवान्याशिवाय वीज विकता येत नाही असं विद्युत अधिनियम २००३ चं कलम १२ म्हणतं. पण आबांनी ते वाचलेलं नाही, आणि ज्यांनी वाचलंय त्यांना दुसरी खोली मिळालेली नाही.

दर ठरवण्याची पद्धतही सुटसुटीत आहे. राज्यात हे काम वीज नियामक आयोग करतो. याचिका येते, जनसुनावण्या होतात, शेकडो पानांचा आदेश निघतो. आबांचा आदेश चार शब्दांचा असतो: "युनिटले बारा रुपया पडतीन." हरकत घ्यायची असेल तर चहा संपायच्या आत घ्यावी.

बारा का, म्हणून विचारलं तर आबा म्हणतात, "माले वरतूनच महाग पडस." गंमत म्हणजे ते खोटं बोलत नाहीत. घरगुती विजेचा दर पायऱ्यांनी चढतो: पहिली शंभर युनिटं स्वस्त, तीनशेपर्यंत महाग, पाचशेपर्यंत आणखी, त्यापुढे विचारू नका. तीन भाडेकरूंना तीन मीटर असते तर प्रत्येक जण खालच्या पायरीवर पंखा लावून निवांत बसला असता. आबांनी सगळ्यांना एकाच मीटरवर घेतलं, म्हणून सगळे मिळून वरच्या पायरीवर गेले. मे महिन्यात खान्देशात पारा चव्वेचाळिसावर जातो आणि कूलर रात्रभर चालतात, तेव्हा हे संयुक्त कुटुंब थेट गच्चीवर पोचतं. एकत्र राहण्याची किंमत मोजतो भाडेकरू. आबा फक्त ती गोळा करतात, आणि गोळा करण्याचे थोडे वर लावतात.

बिल मात्र आबांच्याही नावावर नसतं. ते असतं त्यांच्या आजोबांच्या. आजोबा जाऊन जमाना झाला. भिंतीवरचा त्यांचा फोटोही आता ओळखू येत नाही. पण महावितरणच्या दप्तरी ते हयात आहेत, बारा आकडी ग्राहक क्रमांक बाळगून आहेत आणि दर महिन्याला रीडिंग देतात. नाव बदलायला अर्ज करायचा, वारसाचे कागद जोडायचे. आणि वारसाचे कागद म्हटले की पुण्याचा चुलतभाऊ आणि सुरतेची आत्या आठवतात. त्यापेक्षा आजोबाच बरे. मीटरशी जोडलेला मोबाइल क्रमांक बहुधा धाकट्या काकांचा असतो. थकबाकीचा निरोप त्यांच्या मोबाइलवर जातो, आणि अंधार भाडेकरूच्या खोलीत पडतो.

गॅसचं त्या मानाने सोपं आहे. कंपन्या तीन, इंडेन, भारत आणि एचपी, पण टाकी सगळ्यांची लाल आणि साडेचौदा किलोला थोडी कमी. जुन्या गावी टाकी आणि रेग्युलेटर जमा करून व्हाउचर आणलं की नव्या एजन्सीत जोडणी मिळते. तोवर पत्त्याच्या पुराव्यावाचून मिळणारी पाच किलोची छोटी टाकी आहे, शेजारच्या वहिनी आहेत, आणि दोन्ही नसेल तर बसस्टँडवरची शेवभाजी.

कायदा भाडेकरूच्या बाजूने नाही असं कुणी समजू नये. त्याच २००३ च्या अधिनियमाचं कलम ४३ सांगतं की मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केला तर वीज द्यायची. भोगवटादार म्हणजे आपणच. वाचून छाती फुगते. मग अर्जासोबत जागेच्या ताब्याचा पुरावा मागतात, भाडेकरार मागतात, मालकाची संमती मागतात, आणि छाती पूर्ववत होते. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा हे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातलं कलम ५५. आमच्याकडे करार होतो तो "पोरगं चांगलं वाटस" या वाक्याने. संमतीपत्राचं नाव काढलं की आबांचा चेहरा पडतो. त्यांना विजेचं दुःख नसतं. आज याच्या नावाने मीटर बसलं, उद्या त्याच बिलावर रेशनकार्ड, परवा मतदार यादी, आणि तेरवा हा म्हणेल घर माझंच. ही साखळी त्यांना स्वच्छ दिसत असते. कुळकायद्यात जमीन गेलेल्या घराण्यांत ही दृष्टी पिढीजात तीक्ष्ण असते, आणि त्यांना हसणं मला तरी जमत नाही.

तेव्हा उरतं सबमीटर. जिन्याखाली, सायकल आणि कापसाच्या रिकाम्या गोण्यांच्या मागे. त्यावर एक लाल ठिपका लुकलुकत असतो. मीटरवरच छापलेलं असतं की अमुक वेळा, बहुतेकदा ३२०० वेळा, लुकलुकला की एक युनिट. राहायला गेल्या दिवशी खोलीतला मेन स्विच बंद करावा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन त्या ठिपक्यासमोर उकिडवं बसावं. ठिपका थांबला तर आबा देवमाणूस. नाही थांबला, तर वायरीचा माग काढत वर जावं. पहिल्या वळणावर जिन्यातला बल्ब भेटतो. दुसऱ्या वळणावर आबांच्या देवघरातली माळ. गच्चीवर पोचलात की तळटाकीतून पाणी वर चढवणाऱ्या मोटरची वायर, तुमच्याच मीटरवरून निघालेली.

म्हणजे पुरवठादार शोधायला निघालेला भाडेकरू शेवटी स्वतःलाच सापडतो. आता दर ठरवायचा हक्क त्याचा. ओट्यावर जाऊन त्याने विषय काढला, तर आबा रागावत नाहीत. पेपर बाजूला ठेवतात, चष्मा काढतात आणि शांतपणे विचारतात, "पानी तं तुम्हीबी पेतस ना, सर?"