सायकलमार्गावर सायकल कशाला?

पुण्यातल्या सायकलमार्गांवर सायकली दिसत नाहीत, अशी ओरड काही मंडळी अधूनमधून करतात. ही मंडळी स्वतः सायकल चालवतात, त्यामुळे त्यांना पालिकेचे अर्थशास्त्र कळण्याचा संभव कमी. सायकलमार्ग सायकलीसाठी बांधतात, ही समजूतच मुळात बाळबोध आहे. तो निधीसाठी बांधतात. निधी दिल्लीहून निघतो, मुंबईला थोडा टेकतो आणि कंत्राटदारापर्यंत सुखरूप पोचतो. वाटेत सिग्नल नाही, खड्डा नाही, उलट्या दिशेने येणारा रिक्षावाला नाही. एवढा निर्विघ्न प्रवास या शहरात दुसऱ्या कोणाला जमलाय?

सुरुवात २००५ च्या डिसेंबरात झाली. जवाहरलाल नेहरूंच्या नावाचे नागरी पुनरुत्थान अभियान आले. पुण्याएवढ्या शहरासाठी हिशेब असा होता : ५० टक्के केंद्राचे, २० राज्याचे, ३० पालिकेचे. आयजीच्या जिवावर बायजीने उदार व्हावे, यासाठी याहून चांगला मुहूर्त नव्हता. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने जाहीर केले की रस्त्याचा विचार गाड्यांसाठी नव्हे, माणसांसाठी करायचा. तेव्हा बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, मागायची तर शेजारी पदपथ आणि सायकलमार्गही दाखवणे आले. पुण्याने दाखवला. दाखवण्यात आपण कधी मागे नव्हतो.

नकाशात तो सरळ होता. जमिनीवर उतरल्यावर त्याला आधी झाड भेटले, मग महावितरणचा डीपी, मग बसथांबा, मग रसवंतीगृह. सगळ्यांना मान देत देत तो पुढे सरकला आणि एका चौकात काही न सांगता निघून गेला. भारतीय रस्ते काँग्रेसची २०१२ ची सूचना आहे की पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. आमच्याकडे ती आहे. फक्त सलग नाही. थोडी डीपीच्या अलीकडे आहे, उरलेली पलीकडे. बेरीज करण्याची तयारी पादचाऱ्याने दाखवायला हवी.

आता टीकाकार विचारतात, काम झाल्यावर कोणी पाहतो की नाही? पाहतो तर! उपयोगिता प्रमाणपत्र पाठवल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. त्यात किती रुपये आले, किती खर्चले, किती शिल्लक, सगळे लिहावे लागते. किती सायकली गेल्या, असा रकाना नाही, आणि नसलेला रकाना भरणार कसा? मार्चअखेरीस पालिकेत जी घालमेल चालते ती या प्रमाणपत्रापायी. रिकामा सायकलमार्ग चालतो, परत गेलेला निधी चालत नाही. म्हणून फेब्रुवारीत धडधाकट पेव्हर ब्लॉक अचानक आजारी पडतात आणि मार्चमध्ये बदलले जातात. देखभालीचे मात्र नाव काढू नका. योजना बांधायला पैसे देते, झाडायला देत नाही. शिवाय झाडलोटीचे उद्घाटन कसे करणार? कोनशिला झाडूला बांधणार का?

धोरणांच्या बाबतीत तर आपण श्रीमंतच. २०१६ मध्ये पादचारी धोरण झाले, २०१७ च्या डिसेंबरात सायकल आराखडा मंजूर झाला. आराखड्यात आठशेहून अधिक किलोमीटरचे जाळे आहे. ते अजूनही तिथेच, आराखड्यात, अगदी सुरक्षित आहे. त्यावर कोणी चारचाकी लावलेली नाही. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या, मोडल्या, चोरीला गेल्या आणि काही काळाने कंपन्याही गेल्या. पुढे केंद्राने सायकलस्नेही शहरांची स्पर्धा घेतली. २०२१ मध्ये ११ शहरांना एकेक कोटीचे बक्षीस जाहीर झाले, त्यात नागपूर होते आणि आमच्या शेजारचे पिंपरी-चिंचवड होते. ज्या गावाने देशाला स्कूटरी आणि मोटारी पुरवल्या, ते सायकलीचे बक्षीस घेऊन गेले. सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्याला याचे वाईट वाटले नाही. वाटले असते तर आम्ही पाटी लावली असती.

आमच्याकडूनही काही चुका झाल्या, नाही असे नाही. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ केले, बाक ठेवले, मुलांना खेळायची साधने बसवली आणि व्हायचे तेच झाले : लोक चालू लागले. आजोबा बाकांवर बसू लागले. आता सांगा, अशा रस्त्यासाठी पुन्हा निधी कोणत्या तोंडाने मागायचा? धड वापरात असलेला पदपथ म्हणजे पालिकेचे कायमचे नुकसान. त्यापेक्षा हरित रस्त्याची रीत उत्तम. एका योजनेतून झाडाच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक चिणायचे आणि पुढच्या योजनेतून, झाडाला श्वास घेता यावा म्हणून, तेच उपटायचे. झाड तेच, ब्लॉक तेच, निविदा दोन.

पादचाऱ्यांनी मात्र कृतघ्न होऊ नये. २०२१ पासून ११ डिसेंबर हा त्यांचा दिवस पालिकेने ठरवून दिला आहे. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद असतो. पोळ्याला बैलाला मिळतो तसा पाहुणचार मिळतो. बारा तारखेला जू पुन्हा मानेवर.

यंदा माझा एक नम्र प्रस्ताव आहे. बीआरटीच्या काळातले सायकलमार्ग आता पुरेसे भग्न झाले आहेत. काही ठिकाणी नुसती एक कड उरली आहे, कुठे सायकलचे चित्र असलेला गंजका फलक. त्यांना वारसास्थळाचा दर्जा द्यावा आणि जतनासाठी वेगळा निधी मागावा. सल्लागार नेमावा, सविस्तर प्रकल्प अहवाल करावा. दर रविवारी सकाळी अभ्यासकांना हे अवशेष फिरवून दाखवावेत. नावनोंदणी आवश्यक. वेळेवर यावे. सहभागींनी शक्यतो चारचाकीनेच यावे. पार्किंगची सोय सायकलमार्गावर केलेली आहे.