डिकीनिवासी सिलिंडररावांस सविनय विज्ञापना

श्रीमंत राजमान्य राजेश्री सिलिंडरराव, मुक्काम डिकी, यांचे सेवेसी,

वर्धा मुक्कामाहून कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मोटारीच्या पृष्ठभागी प्रवाशांच्या पेट्या, वळकट्या आणि परतीच्या वाटेवर हमखास लादली जाणारी संत्र्यांची करंडी ठेवण्यासाठी जो ऐसपैस कोठा निर्मात्याने मोठ्या उदारतेने राखून ठेवला होता, तो आपण साठ लिटरांच्या पोलादी देहाने व्यापलात, आणि त्या दिवसापासून आमच्या जिल्ह्यातील मध्यमवर्गीय गृहस्थास संभाषणाला दुसरा विषय म्हणून उरला नाही. बजाज चौकातील चहाच्या टपरीवर, हिंगणघाटच्या कापूसबाजारात, आर्वीच्या एखाद्या लग्नात पंगत बसण्यापूर्वीच्या त्या निरर्थक तासाभरात, जेथे चार मोटारधारक एकत्र येतात तेथे एकच वाद: सीएनजीची गाडी ‘कंपनी फिटेड’ घ्यावी, की पेट्रोलची घेऊन ‘बाहेरून किट’ बसवावे? या वादात शोरूमच्या विक्रेत्याची साक्ष झाली, गॅरेजवाल्याची झाली, मेहुण्याच्या मित्राचीही झाली; ज्याच्यावरून हा सारा कज्जा, त्या आपली कैफियत मात्र कोणी मागविली नाही. करिता हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे योजिले आहे.

आपल्या घराण्याच्या दोन शाखा आहेत, हे प्रथम दप्तरी नमूद करतो. एक औरस, जिचा जन्मच मोटारीबरोबर कारखान्यात होतो; मारुतीने २०१० साली आपल्या अनेक गाड्यांत ती एकदम रुजविली आणि मग इतरांनी तिचा कित्ता गिरविला. दुसरी दत्तक, जी पेट्रोलवर लहानाची मोठी झालेल्या मोटारीच्या घरी मागाहून, गॅरेजात, विधिपूर्वक किंवा अविधिपूर्वक येऊन बसते. आता दत्तकाच्या दैवाविषयी नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातील माणसास कोणी नव्याने शिकवू नये. तिसरे रघूजी भोसले औरस पुत्रावाचून वारले, एवढ्या सबबीवर लॉर्ड डलहौसी यांनी दत्तकाची बात कानाआड करून १८५४ साली सबंध राज्य खालसा केले, आणि आमची वर्धेकाठची गावेही त्या तडाख्यात कंपनी सरकारच्या अमलाखाली गेली. राज्ये गेली, कंपनी सरकारही गेले. परंतु मोटारीची कंपनी आजही, डिकीत बाहेरचा सिलिंडर दिसताक्षणी, निदान इंजिन व इंधनव्यवस्थेपुरती तरी वॉरंटी खालसा करते, आणि तिच्यावर अपील चालत नाही.

तथापि वाहनाच्या चालकशक्तीत मागाहून फेरफार करण्याची कल्पना वर्धेस आपल्यामुळे सुचली, असा समज कृपा करून करून घेऊ नये. गांधीजी १९३६ साली सेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, वस्तीला गेले त्या काळात जमनालालजी बजाज यांच्या एका जुन्या फोर्ड मोटारीस बैल जुंपीत आणि त्या वाहनास विनोदाने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, अशी हकीकत येथील जुनी मंडळी सांगत आली आहेत. त्या फेरफारास कोणत्याही कार्यालयाचा शिक्का लागला नाही. इंधन शेतात पिके, पंप गोठ्यात असे, आणि जे उत्सर्जन होई त्याचे खत होई. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे बिऱ्हाड वर्धेसच मगनवाडीत होते, आणि गावाची गरज शक्यतो गावच्या साधनांनी भागवावी असे अर्थशास्त्र जे. सी. कुमारप्पा तेथे बसून मांडीत होते. त्यांच्या कसोटीस ती बैलजोडी निःसंशय उतरली असती. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा देशातील कितीतरी बसगाड्यांच्या पाठीशी कोळशाच्या वायूची भट्टी बसविण्यात आली. तीही दत्तकच, आणि तिच्या धुराने काळवंडलेल्या प्रवाशांनी वॉरंटीची चौकशी केल्याचे कोठे नमूद नाही.

औरस शाखेचे गुण मी नाकारीत नाही. ती स्वतःच ते इतक्या वेळा सांगते की नाकारण्यास सवड मिळत नाही. नैसर्गिक वायू हे कोरडे इंधन असल्याने इंजिनाच्या झडपा जेथे टेकतात त्या बैठकी लवकर झिजतात, म्हणून कारखान्यात त्या अधिक कठीण धातूच्या घडवितात. आपला साठएक किलोंचा भार गृहीत धरून मागच्या स्प्रिंगा मुळातच कडक ठेवतात. गॅस भरण्याचे झाकण उघडे असता इंजिन सुरूच होऊ नये अशी कळ त्यात असते. आणि पेट्रोलचा हिशेब ठेवणारा संगणक व वायूचा हिशेब ठेवणारा संगणक एकाच घरचे असल्याने त्यांच्यात भाऊबंदकी माजत नाही. परंतु या कुलीनतेचा हुंडाही पुरेपूर वसूल होतो. त्याच मोटारीच्या पेट्रोलच्या प्रकाराहून सुमारे नव्वद-पंच्याण्णव हजार रुपये जादा मोजावे लागतात, मनाजोगता प्रकार मागितला की ‘त्यात गॅस येत नाही’ असे उत्तर बहुधा मिळते, आणि डिकी तर जातेच. टाटांनी २०२३ साली आपल्या देहाचे तीस-तीस लिटरांचे दोन भाग करून ते डिकीच्या तळाशी निजविण्याची युक्ती काढली, तेव्हापासून करंडीपुरती जागा काही घरांत परत मिळाली आहे, हे त्यांच्या बाजूने लिहिलेच पाहिजे. शक्तीचे म्हणाल तर ती दोन्ही शाखांत घटते. वायू इंजिनात शिरताना हवेची जागा खातो, आणि एक लिटर इंजिनाची वॅगन-आर पेट्रोलवर सुमारे ६७ अश्वशक्तीची असते ती वायूवर सुमारे ५७ची होते. कुळ कितीही थोर असो, चढावर पिकअप मागताच वंशावळ उपयोगी पडत नाही.

दत्तकाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणीसंस्थेने त्या विशिष्ट मॉडेलसाठी मान्य केलेले किट असावे, ते परवानाधारक केंद्रात बसविलेले असावे, आरटीओकडून त्याची नोंद आरसीवर चढविलेली असावी आणि विमा कंपनीस लेखी कळविलेले असावे. एवढे संस्कार झाले तर तो दत्तक शास्त्रोक्त, आणि त्याला हिणविण्याचा अधिकार कोणास नाही. केंद्र शासनाने २०२२ साली बीएस-६ पेट्रोल गाड्यांतही किट बसविण्यास मुभा दिली, त्यामुळे हा मार्ग नव्या गाड्यांसही खुला झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १२ फेब्रुवारी २०२१ रोजी, नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सीएनजीवर रूपांतरित केलेला देशातील पहिला डिझेल ट्रॅक्टर समारंभपूर्वक पुढे आणला. म्हणजे दत्तकास राजाश्रयही लाभला. शिवाय सिक्वेन्शियल जातीचे किट इंजिनाच्या प्रत्येक नळकांड्यास त्याच्या पाळीने मोजून वायू देते, जुन्या व्हेंचुरी किटासारखे सरसकट सोडीत नाही, त्यामुळे हल्लीच्या संगणकी इंजिनाशी त्याचे बरे जमते. खर्च साठएक हजारांत आटोपतो, आणि धडधाकट जुनी गाडी मोडीत निघत नाही.

पण हे सारे बसविणाऱ्याच्या हातावर. एखादी तार ढिली राहिली, नळी वळणावर चेपली किंवा ट्यूनिंग अर्धे सोडले, की समोरच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो आणि धन्याचे हेलपाटे सुरू होतात: सर्व्हिस सेंटर म्हणते किटवाल्याकडे जा, किटवाला म्हणतो दोष मूळचा गाडीत. तिसऱ्या एका शाखेचा उल्लेख मी अनिच्छेनेच करतो. स्वयंपाकघरातील लाल सिलिंडर व्हॅनच्या मागच्या आसनाखाली ढकलून त्यावर शाळेची मुले बसविणारे महाभाग महाराष्ट्रात वारंवार पकडले गेले आहेत. आपला वायू हवेहून हलका, गळलाच तर वर निघून जातो. तो लाल सिलिंडरातला हवेहून जड, गाडीच्या तळाशी साचून ठिणगीची वाट पाहतो. त्यास आपल्या कुळात जागा देऊ नये, ही विनंती.

आता मुद्द्याची बाब. आपल्या सबंध जातीची सरकारी पालक जी पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना, तिचे मुख्यालय दिल्लीत नाही, मुंबईत नाही. ते आमच्यापासून पाऊणशे किलोमीटरांवर नागपुरात आहे, आणि देशभरच्या सिलिंडरांचा कारभार तेथील दप्तरातून चालतो. त्याच नागपुरात मार्च २०२२ मध्ये सीएनजीचा भाव किलोस १२० रुपये, देशात सर्वांत चढा, होता! राज्य शासनाने १ एप्रिल २०२२ पासून या वायूवरील मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला खरा. परंतु जो वायू गुजरातेतून द्रवरूपाने टँकरमध्ये भरून विदर्भात आणावा लागे, त्याच्या वाटखर्चावर करकपातीचा इलाज नव्हता. समृद्धी महामार्गाच्या कडेने मुंबईहून नागपूरमार्गे झारसुगुड्याकडे जाणाऱ्या वायुवाहिनीची विदर्भास गरज होती ती याचसाठी.

तेव्हा औरस की दत्तक, हा प्रश्न वर्धेत दुसरा आहे; पहिला प्रश्न भावाचा आणि पंपाच्या अंतराचा. समजा, पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडी लिटरला १८ किलोमीटर, वायू किलोला ९० रुपये आणि गाडी किलोला २५ किलोमीटर; तर किलोमीटरमागे सव्वादोन रुपये सुटतात आणि औरसाचे नव्वद हजार चाळीस हजार किलोमीटरांनी फिटतात. भाव १२० धरला तर त्याच रकमेस सुमारे सत्त्याऐंशी हजार किलोमीटर लागतात. जो रोज वर्धा-नागपूर जाऊन-येऊन करतो त्याचे पहिल्या हिशेबाने वर्षाच्या आत फिटते. जो महिन्याकाठी सहाशे किलोमीटर फिरतो त्यास साडेपाच वर्षे लागतात, आणि साठ हजारांच्या किटानेही पावणेचार. ज्याच्या गावी पंप नाही त्याने तर आपल्या उदरातील आठ किलोंपैकी सहा किलो आपले उदर भरण्यासाठी नागपूरला जाण्या-येण्यातच जाळावेत, आणि वैशाखात, पारा पंचेचाळीसच्या वर असता, तापलेला वायू फुगून त्या आठांतलेही काही कमी भरते, हे पंपावरच्या रांगेत उभे राहून शिकावे.

माझा निवाडा असा: रोज नागपूर करणाऱ्याने नवी गाडी घेताना औरसच घ्यावी, ज्याची पेट्रोल गाडी वॉरंटीबाहेर पडली आहे, इंजिन निकोप आहे आणि धाव मोठी आहे त्याने कागदपत्रांसह दत्तक घ्यावा, आणि ज्याची मोटार सेवाग्राम, पवनार व चतुर्थीस केळझरचा गणपती यांपलीकडे जात नाही, त्याने आपल्याला दुरून नमस्कार करून डिकी संत्र्यांसाठी मोकळी ठेवावी.

आपणाकडे शेवटचे एकच मागणे आहे. आपल्या पोटात चाकातल्या हवेच्या शंभरपट दाब असतो, म्हणून दर तीन वर्षांनी आपल्याला पाण्याच्या दाबाखाली तपासून घेण्याचा नियम आहे. कंपनी फिटेड मंडळींस त्यातून सूट नाही, हे त्यांच्या धन्यांच्या बहुधा गावीही नसते. तरी तपासणीची तारीख कोरलेला आपला भाग भिंतीकडे न करता दाराकडे करून बसावे, आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः जुनी गाडी विकत घेणाऱ्याने, बयाणा देण्यापूर्वी डिकी उघडून ती तारीख वाचावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक पेट्रोलधारी वर्धेकर